भरमूआप्पाचा वरंबा

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीचा भरमूआप्पा बारा वर्षं स्वतःला ट्रॅक्टरचा मास्तर म्हणवून घेतो. या मास्तरानं ट्रॅक्टरमागं तव्यांचा कुळव, म्हणजे गोल लोखंडी तव्यांनी ढेकळं फोडणारं अवजार, फिरवला, की रानाच्या मधोमध वीतभर उंच वरंबा उठलाच म्हणून समजा. मग हा तंबाखू मळत म्हणणार, "जमिनीचीच खोड हाय." वर कुळवाच्या मागच्या बाजूला आणखी एक धोंडा चढवणार. वरंबा आणखी वाढतो, पण मागं वळून बघणं मास्तराच्या इभ्रतीत बसत नाही.

यंदा शालूबाईची सोयाबीनची पेरणी उद्यावर आली होती. मास्तरानं तिच्याही रानात वरंबा उठवलेला; असल्या रानात निम्मं बी खोल गाडलं जाणार आणि निम्मं उघडं पडणार. ती बांधावरून ओरडली, "आप्पा, माझ्या रानात बी सीमा आखलीसा व्हय? अल्याड कर्नाटक, पल्याड महाराष्ट्र?"

"बाईमाणसाला यातलं काय कळतंय?"

"डोळं हाईत की मला! मागचं तवं लई रुतत्यात, पुढचं वर तरंगत्यात. मागचं सगळी माती मधी वढत्यात. वरंबा उठंल न्हाय तर काय?"

तिनं धोंडे खाली ढकलले आणि कुळवाला वरून धरणारा दांडा, म्हणजे टॉप लिंक, स्वतः दोन फेरे आवळून आखूड केला. कुळवाचं तोंड खाली बसलं. मग आप्पानं आडवी फेरी मारली तसं रान पाटासारखं सपाट झालं.

भरमूआप्पानं उतरून मूठभर माती चोळली. "बगा, बारा वर्षं वळण लावलं, तवा कुठं जमीन शहाणी झाली."

"जमीन झाली," शालूबाई म्हणाली, "आता तुमचा नंबर लावा."