तात्यांनी राखलेलं पहिलं पाणी

महिन्यापूर्वी उंब्रजहून फोन आला, पांडूतात्या गेले. त्यांची सून बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र कराडच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा. तात्या तिथले शिपाई, फौजेतून निवृत्त झालेले. मी प्राणिशास्त्राची नवी प्राध्यापिका, पीएच.डी.च्या हात धुऊन मागे लागलेली. सत्तरचं दशक होतं. विषय हेपरान सल्फेट. पेशीच्या अंगावर प्रथिनं रोवलेली असतात आणि त्यांना साखरेच्या लांब साखळ्या लोंबत असतात, त्यातलीच ही एक. पेशीला बाहेरचं जे कळतं त्यात त्यांचा हात असावा, हे तेव्हा नुकतं कुठं उजेडात येत होतं. मी तर वेडी झाले होते त्या विषयानं. “साखर म्हंजी आपल्या कारखान्यातली व्हय?” तात्यांनी विचारलं. गोड न लागणारी, म्हटल्यावर म्हणाले, “मग काय उपेग तिचा?”

पण साखळ्या सापडेनात. बकऱ्याच्या कलेजीच्या पेशी ट्रिप्सिन या पाचकद्रव्यानं सुट्या करायच्या, आईनं तांदूळ धुवायला शिकवले तशा तीन पाण्यांनी धुवायच्या आणि टोल्युइडिन ब्लू हा निळा रंग घालायचा. साखळ्या असल्या तर निळ्याचा जांभळा व्हायला हवा. दर वेळी निळाच. सांगलीचे माझे मार्गदर्शक म्हणाले, “शनिवारपर्यंत दाखवा, नाहीतर विषय बदला.” दोन वर्षांची मेहनत मातीत जाणार होती...

शुक्रवारी सकाळी तात्यांनी बर्फाच्या पेटीतून बाटली काढली. “आवं बाई, ह्ये कालचं पयलं पानी. तुमी वता म्हनला, पन तांदळाचं पयलं पानी आमच्यात कोन वतत न्हाई, म्हशीला घालत्यात. म्हटलं, इचारावं.”

मी कपाळावर हात मारला. ट्रिप्सिन पेशी सुट्या करताना त्यांच्या अंगावरची प्रथिनंही कापत होतं. साखळ्या पहिल्या पाण्यात उतरत होत्या आणि मी ते रोज मोरीत ओतायला लावत होते. रंगाचे दोन थेंब टाकले... जांभळा. थोड्या पाण्यात आधी नायट्रस आम्ल घालून साखळ्या तोडल्या, तर तिथं निळाच राहिला. या आम्लानं तुटणं ही हेपरान सल्फेटची ओळखच. मी टेबलाभोवती चक्क नाचले. “लय झ्याक रंग हाय की,” तात्या म्हणाले.

शनिवारी पेटी मांडीवर घेऊन तात्या माझ्याबरोबर एसटीनं सांगलीला आले. रंग बघून सर खुर्चीतून उठलेच. “पहिलं पाणी राखायची बुद्धी कुणाची?” तात्या दारातच उभे होते. मी म्हणाले, “माझीच, सर.”

परतताना मला मान वर करवेना. तात्या एवढंच म्हणाले, “इषय वाचला न्हवं? मग झालं तर.”

तेराव्याला उंब्रजला गेले. चहा देताना सून म्हणाली, “तात्या लय सांगायचं तुमचं. पयलं पानी राखायची अक्कल आमच्या बाईंचीच, म्हनायचं.”

“अगं, ते पाणी त्यांनी राखलं होतं. मी खोटं बोलले होते.”

तिनं मान हलवली. “न्हाई बाई. तात्या कवा खोटं बोलत न्हवतं.”