एंटर दाबण्याआधी

एंटर दाबण्याआधी त्या कीबोर्डवरून हात उचलायच्या, पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "थांब. आदी बगू दे."

सांगलीजवळच्या आमच्या साखर कारखान्यात त्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. माहेर विट्याचं, सासर कडेगावचं, नवरा फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात. त्याच्याबरोबर छावण्या फिरता फिरता त्या संगणक शिकल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्या मात्र आम्हाला 'अरं' म्हणूनच हाक मारायच्या.

ऊस घालणाऱ्या सभासदांना मोबाईलवर जाणारे निरोप आमच्याकडे गावागणिक फायलींमध्ये असायचे. मी नवीन असताना कारखान्यानं 'गट' या शब्दाऐवजी 'विभाग' वापरायचं ठरवलं. मी एकेक फाइल उघडून शब्द बदलत बसलो. मॅडमनी शेजारी खुर्ची ओढली आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिली. 'सेड' नावाची आज्ञा होती ती: सगळ्या फायलींत या शब्दाच्या जागी तो शब्द घाल.

"दाबू का?" मी विचारलं.

"थांब. आदी बगू दे."

मग त्यांनी 'ग्रेप' चालवलं, म्हणजे 'गट' जिथं जिथं आहे त्या ओळी नुसत्या दाखवायला सांगितलं. ओळी सरसर वर सरकल्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'रिकामी ट्रॉली गटारात घालू नये.'

"हे बग. सगळी ट्रॉल्या विभागारात घालत बसली असती," म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आज्ञा दुरुस्त केली, एंटर दाबलं. पापणी लवायच्या आत सगळी गावं बदलली होती. मी कितीतरी वेळ फायली उघडून बघत राहिलो. जादूगारानं रुमाल झटकल्यावर मुलं बघतात ना, तसा.

पुढं एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गावांत शिरलं. कारखान्याची निरोपाची यंत्रणा मदतीला लावली होती. नदीकाठच्या प्रत्येक गावाला तासातासाला निरोप जायचा: बोटी मारुतीच्या देवळापाशी येतील, तिथं थांबा. दुपारी बातमी आली की देवळं पाण्यात चालली, बोटी आता शाळेपाशी लागणार. कारखान्याचे साहेब धावत आत आले.

"मॅडम, सगळीकडं देवळाच्या जागी शाळा करा. लगेच! लोक चुकीच्या जागी उभे आहेत."

ओळ लिहून तयार होती. मॅडमनी हात उचलला.

"थांबा साहेब. आदी बगू दे."

"अहो, बघायला वेळ कुठं आहे?"

त्यांनी ग्रेप चालवलं. पडद्यावर गावाचं नाव आणि समोर देवळाची ओळ, अशी सगळी गावं उतरली. त्या एकेक गाव मोठ्यानं वाचू लागल्या आणि खोलीत जमलेल्या त्या त्या भागातल्या कामगारांना विचारू लागल्या. शाळा उंचावर हाय का? व्हय. हितली? व्हय. एका गावाच्या नावाशी आमच्या वजनकाट्यावरचा कारकून ओरडला, "न्हाई, न्हाई! आमची शाळा वड्याकाठी हाय. ती कवाच बुडली. आमचं देऊळच टेकावर हाय!"

मॅडमनी ते गाव बाजूला काढलं, बोटवाल्यांना फोनवरून तसं कळवायला लावलं आणि मग एंटर दाबलं. बाकीच्या सगळ्या गावांत देवळाची शाळा झाली. त्या एका गावातली माणसं टेकावरच थांबली आणि संध्याकाळी तिथूनच बोटीत चढली.

पाणी ओसरल्यावर ती माणसं भेटायला आली. मॅडम म्हणाल्या, "लय कौतुक नको. च्या घ्या."

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी विचारलं, "आता कडेगावला का?" त्यांचे यजमान तेव्हा हयात नव्हते.

"कोरेगावला," त्या म्हणाल्या. "तितं एक बाई हाय."

मग त्यांनी सांगितलं. लग्न नवं असताना एक तार आली, नवरा शहीद झाल्याची. घरात आकांत झाला, बांगड्या फुटल्या. नंतर दुसरी तार आली. गेलेला जवान त्याच नावाचा, पण कोरेगावचा होता.

"सगळी मला नव्या बांगड्या भराय लागली. माजं रडं काय थांबंना. म्हटलं, तितं ती बाई आत्ता हसत भांगलत आसंल रानात. तिला अजून ठावंच न्हाई." मग त्या म्हणाल्या, "नाव जुळलं म्हंजी मानूस जुळत न्हाई रं. मी गेले तिच्याकडं. तवापास्नं जातीया."

मागल्या हिवाळ्यात मी कोरेगावला गेलो. दोघी अंगणात घेवडा निवडत बसल्या होत्या. त्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्या हापिसात ही काय करायची वो?"

मी पुराची गोष्ट सांगितली. त्यांचा हात सुपातच राहिला.

"मला कदी बोलली न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुला काय काय सांगू?" मॅडम म्हणाल्या. "निवड मुकाट्यानं."

निघताना रस्त्यावरून मी वळून बघितलं. दोन पांढरी डोकी एका सुपावर वाकली होती. एवढ्या लांबून त्यांतली मॅडम कोणती, ते मला ओळखता येईना.