फडकं वाळेपर्यंत

गल्लीत तिला सगळे अँटेनावाली मावशी म्हणत. पन्नाशी उलटली तरी ती शिडी अशी चढे, जणू स्वतःच्याच घराची पायरी. गच्चीवर पोचली की सिग्नल मोजायचं मीटर पिशवीतच राही; आधी ती वाळत घातलेले कपडे चाचपे. ऊन कुठे उशिरा येतं, ओल कुठे टिकते, हे दोरी सांगते, असं तिचं म्हणणं. लोक हसत, पण पावसानंतर बोलावणं तिलाच येई.

त्या दिवशी शिकवणीच्या बाईंनी बोलावलं होतं. पाय मोडल्यापासून बाई घरूनच, गच्चीवरच्या अँटेनातून येणाऱ्या नेटवर शिकवत. पाऊस आला की पडद्यावरचं चित्र गोठायचं आणि पाऊस थांबला तरी दुपारपर्यंत हलायचं नाही. आजही पहाटेच उघडलं होतं, पण नेटचा पत्ता नव्हता.

"आजचा तास बुडाला तर उरलीसुरली मुलंही जातील," बाई म्हणाल्या. "मग मी भिंतींना शिकवते."

"भिंती निदान ऐकतात तरी," म्हणत त्यांच्या सासूबाई मावशीला गच्ची दाखवायला निघाल्या.

वर मावशीने विचारलं, "आजी, पाऊस गेल्यावर नेट परत येतं, तेव्हा दोरीवर काय वाळलेलं असतं?"

आजींनी आठवून पाहिलं. "पातळ कपडे केव्हाच वाळतात. जाड टॉवेल वाळला की सूनबाईचा आवाज सुरू होतो."

म्हणजे दोष ढगांचा नव्हता. पाणी कुठेतरी टॉवेलासारखं धरून बसलं होतं. मावशी कठड्याजवळच्या खांबाशी गेली. अँटेनाची तार जिथे जोडली होती, तिथे हाताला येईल अशा उंचीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. पिशवीत लोकरी फडकं. पिळलं तशी धार लागली.

आजींचा चेहरा उतरला. "माझ्या जुन्या शालीचं आहे. सांधा भिजू नये म्हणून मीच बांधलं. सूनबाई बिचारी नेटच्या कंपनीशी भांडत बसली, आणि करणी माझी."

मावशीने फडकं दोरीवर टाकलं. "सांधा झाकायला हवा हे तुम्हाला सुचलं. बसवणारा उघडाच टाकून गेला. फक्त लोकर पाणी पिते."

तिने तारेचं हिरवट पडलेलं टोक कापून नवं बसवलं, सांध्याखाली तारेला झोळ दिला आणि रबरी टेप आजींच्या हातात ठेवली. "खालून वर गुंडाळा. कौलांसारखी, एकावर एक."

आजी सावकाश एकेक वेढा देऊ लागल्या. मावशी तार धरून उभी राहिली. तिचा फोन दोनदा वाजला, तिने वाजू दिला.

खाली तास सुरू झाला. मावशीने पाण्याने भरलेला मग पुढे केला. "आता ओता."

"तास चालू असताना?"

"पाऊस काय सुट्टी बघून येतो?"

आजींनी पाणी सोडलं. ते सांध्यावरून ओघळलं, तारेच्या झोळातून ठिबकलं. खिडकीतून बाईंचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. आजींनी मावशीचा दंड घट्ट धरला. मग एका मुलाने उत्तर दिलं, आणि बाई "शाबास" म्हणाल्या.

"सांध्यात पाणी मुरलं होतं, बाईंना एवढंच सांगते मी," मावशी म्हणाली.

"नको, मीच सांगते सगळं," आजी म्हणाल्या. "पण तास संपू दे. इतके दिवस मीच तिला मध्ये थांबवत होते."