सरकारी पेटीत घरचे बूट

आत्याच्या दुकानात कॅलेंडर टांगायला खिळा ठोकायचा होता. हातोडी सापडेना, म्हणून मी फळीवरचा एक लाकडी ठोकळा उचलला. दोन घावांत खिळा बसला आणि तिसऱ्या घावाला ठोकळा अंगठ्यापासून टाचेपर्यंत चिरला. अंगठा, टाच हे शब्द उगाच वापरत नाही मी. ज्याच्यावर कातडं ताणून बूट बांधतात तो फर्मा होता तो, आणि आत्याच्या धाकट्या भावाच्या पायाचा होता. भाऊ लढाईत कामी येऊन सव्वीस वर्षं झाली होती.

आत्या म्हणजे काही माझी सख्खी आत्या नव्हे. बूट शिवणारी, सगळ्या गल्लीची आत्या. माणसाच्या तोंडाआधी ती त्याचे जोडे बघायची. "डावी टाच जास्त झिजलीय. कुणावर तरी चिडून चालताय मास्तर," असं ती म्हणाली की मी निमूट घरी जाऊन बायकोची समजूत काढायचो.

आता आपली सालटी निघणार, या तयारीत मी उभा होतो. तिने फर्मा हातात घेतला, चिरेवरून बोट फिरवलं.

"शत्रूनं छातीवर मारलं होतं मास्तर. पायावर घाव घालणारे तुम्ही पहिलेच."

शेवटच्या रजेवर भाऊ आला तो फौजेच्या बुटांत कापूस कोंबून. पाऊल आठ नंबरचं, आणि कोठारात सगळे बूट दहाचे! "तायडे, पुढच्या रजेला तुझ्या हातचे घालून जाईन," म्हणाला. तिने माप घेतलं, फर्मा कोरला. पुढची रजा आलीच नाही. सोबतच्यांनी त्याला डोंगरउतारावर घाईघाईत पुरलं, आणि मग ती जागाच सीमेपलीकडे गेली. त्याला परत आणा, म्हणून आत्या दर वर्षी कचेरीला पत्र धाडायची. सांगायची ती, लिहायचो मी. मी "नम्र विनंती" लिहिलं की म्हणायची, "नम्र खोडा. विनंतीपण खोडा."

माझ्या पराक्रमाच्याच आठवड्यात कचेरीचं उत्तर आलं. अवशेष मिळाले आहेत, पंधरा दिवसांनी आणून इतमामाने दफन करू. आत्याने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. रडली नाही. फर्म्याच्या चिरेत सरस भरला, वरून तार आवळली आणि ठेवणीतलं कातडं काढलं. बाराव्या दिवशी बूट तयार! माझे शाळेचे बूट तळ उखडून महिनाभर तिच्याकडे पडले होते, पण तेव्हा ती आठवण काढायची माझी छाती झाली नाही.

दफनभूमीत खड्डा तयार होता. आठ शिपाई, एक बिगुलवाला, एक अधिकारी. पेटीचं झाकण खिळे मारून बंद. आत्या बूट काखेत मारून पुढे झाली.

"उघडा."

अधिकारी गडबडला. "बाई, पेटी सीलबंद आहे. नियम आहे."

"सील तुमचं, भाऊ माझा."

"आम्ही पेटीच्या वर ठेवतो ना बूट. अगदी मानाने ठेवतो."

"तुमच्यात बूट डोक्यावर घालतात होय?"

मी मध्ये तोंड घातलं. "आत्या, साहेबांच्या नोकरीवर येईल..."

"मास्तर, गप उभे राहा. फर्मा कुणी फोडला ते अजून कुणाला सांगितलेलं नाही मी."

मी दोन पावलं मागे सरलो.

"लेखी परवानगी मागवावी लागेल," अधिकारी म्हणाला. "महिना तरी जाईल."

"सव्वीस वर्षं मी तुमच्या कागदांची वाट बघितली. आता कागदांनी माझी बघावी." आणि आत्याने पदराआडून पक्कड-हातोडी काढली.

पहिला खिळा करकरत वर आला तसे सगळे शिपाई अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागले. अधिकारी बिगुलवाल्यावरच खेकसला, "इकडे काय बघतोस? तोंड फिरव! सगळ्यांनीच फिरवा!" आणि स्वतःही वळला. मग पाठमोराच हळू आवाजात म्हणाला, "किती वेळ लागेल, बाई?"

"अकरा खिळे आहेत. दोन तुमच्या सुतारानं वाकडे मारलेत."

आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो. केवढासा! आत्याने पायाकडचं कापड उलगडलं, बुटांच्या नाड्या सैल केल्या. पुढचं मला बघवेना. नुसतं ऐकू आलं, "डावा जरा रुंद ठेवलाय रे. तुला लागायचा तिथे." मग हातोडीचे घाव, एका लयीत, अकराच्या अकरा.

"वळा आता."

अधिकाऱ्याने झाकणावरून हात फिरवला. एकही खिळा वाकडा नव्हता. त्याने कडक सलाम ठोकला. तो पेटीला होता की आत्याला, हे मी आजही सांगू शकणार नाही. बिगुल वाजला, पेटी खाली गेली, आणि पहिली मूठ माती आत्याने टाकली.

परतताना मला राहवेना. "आत्या, राग मानू नका, पण नुसत्या हाडांना बूट कशाला?"

ती चालता चालता थांबली, माझ्या पायांकडे बघितलं.

"मग तुमच्या बुटांत काय असतं?"