सत्यभामेचा हात

सत्यभामा,

हे पत्र तुला तुझी सून मनिषाच वाचून दाखवणार, आणि दर दोन ओळींनी तू तिला थांबवून म्हणणार, "तसं न्हाई बाई, असं झाल्तं." मी ओळखते तुला. म्हणून आत्ताच सांगते, इथून पुढे मी तुला 'तू' म्हणणारच नाही, 'ती' म्हणणार. दुसऱ्या कुणा बाईची गोष्ट चाललीय असं समज आणि गप ऐक. पुण्याच्या त्या खोलीत तुला दुसरं काम तरी काय आहे?

तर गेवराईकडची, गोदाकाठची एक मेंढपाळीण. नवरा आप्पाराव गेल्यावर मेंढरं तिनेच राखली. कापूस निघाला की कळप हाकत दिंद्रुडला यायची आणि माझ्या रानात मेंढरं बसवायची. माझ्या रानाला लेंडीखत, तिच्या मेंढरांना पाला. भांडणं भरपूर झाली, पण रान तिने कधी बदललं नाही.

तिची ओळख होती तिच्या उजव्या हातावरून. मेंढराच्या कानाच्या बुडाशी तळवा धरायचा आणि सांगायचं, ताप आहे की नाही. दुसऱ्या कळपांची माणसंसुद्धा कोकरू काखोटीला मारून तिच्याकडे यायची. घरातल्या पोरांचा तापही त्याच हाताने ठरायचा. "हात खोटं बोलत न्हाई माजा," हे तिचं शेवटचं वाक्य, त्यावर अपील नाही.

पाठ दुखायला लागली तेव्हा तिने तो दोष मेंढरं उचलण्यावर ढकलला. मणका खचला तेव्हा खरं कळलं. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजात वाढणारा रक्ताचा कॅन्सर. उपचार झाले, रोग उतरला, परत आला. दुसरे उपचार झाले, पुन्हा आला. मग पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात, नव्या औषधांच्या अभ्यासात तिला घेतलं. तिथे एकाच वेळी दोन अँटिबॉडी देऊन बघत होते.

"मावशी," तिथली डॉक्टरीण म्हणाली, "या औषधाला दोन टोकं असतात. एक टोक तुमच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशीला धरतं, दुसरं रोगाच्या पेशीला, तिच्या अंगावरची खूण बघून. पण ती लबाड पेशी कधीकधी खूणच टाकून देते. मग औषधाला ती सापडत नाही. म्हणून दोन औषधं. दोघांच्या खुणा वेगळ्या."

"मंग असं सांगा की," सत्यभामा म्हणाली. "आमी मेंढराच्या पाठीला रंग लावतो आन् कानाला काप बी देतो. चोर लोकर कातरून रंग घालवंल. कान कुठं नेतो?"

डॉक्टरीण हसली. मनिषा, म्हणजे तिची सून, लाजून खाली बघत राहिली.

पहिल्या सुया रुग्णालयात ठेवून, मात्रा हळूहळू वाढवत दिल्या. ताप चढला, हुडहुडी भरली. "हा औषधाचा ताप, येणारच होता," डॉक्टरीण म्हणाली. इथेच घोळ झाला. ताप म्हणजे औषध लागू पडलं, असं सत्यभामेने मनात पक्कं केलं आणि पुढचं ऐकलंच नाही. पुढचं मनिषाने ऐकलं. हे औषध रोगाच्या पेशींबरोबर अंगाची राखण करणाऱ्या चांगल्या पेशीही मारतं. घरी गेल्यावर ताप आला तर तो औषधाचा समजायचा नाही. आकडा शंभरच्या वर गेला की लगेच फोन करायचा आणि जवळचा दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

रोग उतरत होता, रक्ताच्या तपासण्या तसं सांगत होत्या. पण तोंडाची चव गेली. "मिरची नुसती भाजती, लागत न्हाई," म्हणायची. नखं उलली. आणि दोन्ही तळहातांची सालं निघाली, साप कात टाकतो तशी.

"घरी आराम करा, जनावरांपासून लांब राहा," डॉक्टरीण फोनवर बजावायची.

"घरीच हाय की," ही सांगायची, आणि मागे कोकरं बें बें करत असायची.

थर्मामीटर दिला होता. तो हिने एका अडलेल्या मेंढीला लावला आणि मग स्वच्छ व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात धुतला. त्यानंतर त्यात आकडाच दिसेना.

त्या शनिवारी माझ्या रानात मेंढ्या वीत होत्या. सोमवारी पुण्याला सुई होती. मागे एकदा साध्या सर्दीपायी सुई पुढे ढकलली, तेव्हापासून सत्यभामेच्या डोक्यात बसलं होतं की सुई चुकली की रोग माघारी येतो. दिवस कलताना मनिषाने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि बोटांना बोटं लागली.

"आत्या, अंग चटका देतंय तुमचं!"

"चुलीपाशी बसले न्हवं का."

"चूल इझून लई येळ झाला."

सत्यभामेने आपला तळवा आपल्याच कानाच्या बुडाशी धरला. "गार हाय. उगं कशाला जीव काढती?"

"पुण्याला फोन लावते."

"लाव! आन् ती म्हनली की सोमवारची सुई न्हाई, तर माजा रोग तू घेशील का?"

सत्यभामेचा मुलगा शहादेव पाण्याचे हंडे उतरवत होता. तो तिथूनच बोलला, "माय न्हाई म्हनती म्हंजी न्हाई. तिचा हात कदी चुकलाय का?"

त्या हाताच्या विरोधात आजवर घरात कुणी गेलं नव्हतं. मनिषा स्वतःही नाही. तिचं पहिलं पोर रात्रभर रडलं तेव्हा त्याच हाताने ताप ओळखला होता. पण सासूला धाप लागली होती, घोंगडी अंगाला गुंडाळूनही ती कापत होती. आणि मग सत्यभामा म्हणाली, "सुकन्ये, जरा पानी दी गं."

सुकन्या तिची लेक. ती सासरी नांदत होती.

भांडून ही बाई हलायची नाही, हे मनिषाला माहीत होतं. उचलून नेली असती तर वाटेत गाडीतून उडी मारली असती. ती उठली, मेंढरं कोंडायच्या जाळीत शिरली आणि दोन कोकरं काखेत घेऊन आली. त्यातलं एक दुपारपासून वेगळं बांधलेलं होतं. आईला तोंड लावत नव्हतं.

"न्हाई लावत फोन. एवढं सांगा, यातलं तापलेलं कोनतं? पर डोळे मिटून. तोंडं बघून तर म्या बी सांगंन."

"माजी परिक्षा घेती?"

"घेते."

"मनिषे!" शहादेव ओरडला.

"तू गप रं," सत्यभामा म्हणाली. तिला आव्हान कुणी द्यावं आणि तिने ते सोडावं, असं कधी झालं नव्हतं. तिने डोळे मिटले, हात पुढे केला. एक कान धरला. मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा. तळवा बदलून डावा लावला. मनिषाच्या उजव्या काखेतलं कोकरू इतकं तापलं होतं की तिला ते लुगड्यातून भाजत होतं. तिने ओठ दाबून धरले.

"दोनी गार हायेत," सत्यभामा म्हणाली. "फसवती व्हय मला?"

तिने डोळे उघडले. उजवीकडच्या कोकराची मान मनिषाच्या कोपरावरून खाली लोंबत होती, आणि बरगडी भात्यासारखी हालत होती. शहादेवलासुद्धा ते दिसलं. हातातला हंडा त्याने खाली ठेवला.

सत्यभामेने कोकराकडे पाहिलं, मग आपल्या तळव्याकडे. गुलाबी, गुळगुळीत, परक्या बाईचा असावा तसा.

"हातच गेला की माजा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "शहादेव, गाडी काढ. आन् मनिषे, ती डॉक्टरीन काय म्हनती ते नीट ऐक. म्या मदी बोलत न्हाई."

मनिषाने कोकरं जाळीत सोडली आणि फोन लावला. पिकअपमध्ये मागे गोधडी टाकली. तेलगावच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. शहादेव हॉर्नवरून हात काढेना, शिव्या देऊन त्याचा घसा बसला. मनिषाच्या मांडीवर सासूचं डोकं, कानाला फोन. पुण्याहून डॉक्टरीण सारखं विचारत होती, बोलतायत का? लघवी झाली का? ओठ कसे दिसतायत? मनिषा शहादेवच्या मोबाइलच्या उजेडात ओठ बघत होती आणि खोटं न बोलण्याचा प्रयत्न करत होती.

बीडच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "आधी तपासण्या येऊ द्या, मग बघू." मनिषाने फोन सरळ त्याच्या कानाला लावला. "आधी ह्यांच्याशी बोला. मंग बघा." तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलला. रक्त तपासायला काढून घेतलं आणि अँटिबायोटिकची बाटली तिथल्या तिथे चढवली. रक्तदाब यंत्रावर लागत नव्हता. पहाटे लागायला लागला.

रुग्णवाहिकेतून पुण्याला नेली. पहिला प्रश्न, "सोमवार गेला का?" गेला होता. डॉक्टरिणीने बजावलं की सुई थांबली म्हणून रोग लगेच सुटत नाही, आधी अंगात राखण करणारं काहीतरी भरू द्या. ते भरायला वेळ लागला. मग सुया परत सुरू झाल्या, पूर्वीपेक्षा लांब लांब अंतराने. आज रोग शांत आहे. उद्याचं डॉक्टरीण सांगत नाही, मग मी कशाला सांगू?

आता परत 'तू'.

तेलगावच्या त्या गर्दीत, तोंडातून शब्द धड फुटत नसताना, तू मनिषाला मला फोन लावायला लावलास. "बाई, ते कोकरू सकाळच्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. इसरू नगा." मी म्हटलं, स्वतःचं बघ आधी. तू म्हणालीस, "न्या म्हनले ना!"

सकाळी मी रानात गेले. जाळीत कोकरांचा नुसता गोंधळ, एकमेकांच्या अंगावर उड्या. पाठीला रंग कुणाच्याच नाही, कानाला काप कुणाच्याच नाही, इतकी लहान सगळी. राखणीला बोलावलेला सटवा म्हणाला, "म्या तर राती आलो बाई, मला काय ठावं कोनतं?" निपचित पडलेलं एकही दिसेना. मी खाली बसले आणि एकेकाचा कान धरून पाहिला. तू धरतेस तिथेच, बुडाशी. सगळे सारखेच कोमट लागले, नेऊ कोणतं?

पुढे शहादेव कळप घेऊन गेवराईकडे गेला. मनिषाने तुला सांगितलं असेल की बाईंनी नेलं होतं, बरं झालं. मनिषे, ही ओळ गाळू नकोस, वाच. नेलं नव्हतं.