सिस्टरच्या नवऱ्याचा कूलर

प्रसेनजित तायडेला 'नाही' म्हणता येत नसे. नांदुऱ्याला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीत पडलेला मोबाइल घेऊन गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "उद्या भेटन ना?" मोबाइलमधून अजून पाणी गळत असायचं, पण प्रसेनजितच्या तोंडून "भेटन ना" निघून जायचं. मग ते गिऱ्हाईक लांबून दिसलं, की तो मागच्या दारानं चहाला जायचा. अशा रीतीनं त्यानं बराच चहा प्यायला.

बायको सारिका त्याच्या अगदी उलट. ती नर्स होती. सुई टोचायच्या आधी "दुखन हं" असं सरळ सांगून टाकणारी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला घाटावरच्या देऊळगाव राजाला सरकारी नोकरी लागली. ऑर्डर हातात घेऊन तिनं विचारलं, "तुमी येसान ना संग?"

"येतो ना," प्रसेनजित म्हणाला. या वेळी मात्र त्याला खरंच यायचं होतं.

बायकोच्या नोकरीमागं नवरा दुकान बंद करून निघाला, यावर नांदुऱ्यात थोडी कुजबुज झाली. सारिकाचे वडील पंजाबराव इंगळे मात्र एक शब्द बोलले नाहीत. वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ते दुकानात गेले, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि पोरीसाठी कूलर बनवायला बसले.

हा कूलर म्हणजे बाजारात मिळतो तसला प्लास्टिकचा डबा नव्हता. जाड पत्रा, अँगलचे पाय, मळणीयंत्राला शोभेल असा पंखा, आणि वर दोन भक्कम कड्या. कड्या कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "क्रेननं उचलाचा टाइम आला तर?" पोरगी परक्या गावी चालली होती, तिला गरम होता कामा नये, एवढाच त्यांचा विचार. खोलीच्या खिडकीचं माप त्यांनी फोनवर मागवलं. प्रसेनजितनं टेप लावून ते बिनचूक कळवलं. जिन्याचं माप कुणी मागितलं नाही, म्हणून त्यानं ते दिलंही नाही.

देऊळगाव राजाला त्यांनी घेतलेली खोली भगवंतरावांच्या घराच्या माडीवर होती. भगवंतराव एस.टी.तले रिटायर कंडक्टर. त्यांच्या पत्नी गोजरबाई म्हणजे गल्लीचं चौकशी केंद्र. माडीवर जायला बाहेरून दगडी जिना, एका माणसापुरता, आणि मधेच एक काटकोनी वळण. टेम्पो लागला, तशी पलंगाच्या फळ्या वर गेल्या, गॅस गेला, भांडी गेली. बाबासाहेबांचा फोटो सारिकानं स्वतः हातात धरून नेला आणि ती वरच झाडलोट करत राहिली. शेवटी कूलर निघाला.

प्रसेनजित आणि टेम्पोवाला खालून ढकलत होते. भगवंतराव कठड्यापाशी उभे राहून कारभार बघत होते. कठड्यावर दोनदा किल्ली वाजवली, की चला. एकदा वाजवली, की थांबा. त्यांनी दोनदा वाजवली आणि कूलर वळणात असा जाऊन बसला, की पुढंही जाईना, मागंही येईना. भगवंतरावांनी पुन्हा दोनदा वाजवली. टेम्पोवाल्यानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

तेवढ्यात वरून सारिकाचा आवाज आला, "अहो, मले बारा वाजता हजर व्हाचं हाय! मी खाली कशी येऊ?"

कूलर काढायला निदान तासभर लागणार होता. सारिकानं कपाळाला आठ्या घातल्या, पर्स काखेत मारली, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म सावरला आणि ती कूलरवर चढली. वर बसली. मग डोळे मिटून इकडच्या बाजूनं घसरगुंडीसारखी खाली आली आणि थेट गोजरबाईंच्या पुढ्यात उभी राहिली.

"नमस्कार काकू," ती म्हणाली, "मी सारिका," आणि तरातरा दवाखान्याकडं निघाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं, की नवी सिस्टर कूलरवर बसून आली.

कूलर कसाबसा मागं ओढून अंगणात निंबाखाली ठेवला. तात्पुरता. त्याच संध्याकाळी पंजाबरावांचा फोन आला.

"जय भीम, जवाईबुवा. कूलर बसला का?"

प्रसेनजित खिडकीशी उभा होता. निंबाखाली बसलेला कूलर त्याला समोर दिसत होता. "जय भीम मामा. बसला."

"खिडकीत बराबर बसला ना? अर्धा इंच सोडला होता मी."

इथं एक वाक्य बोललं असतं, तर विषय संपला असता. पण मामांचा आवाज इतका आनंदात होता, की प्रसेनजितची जीभ नांदुऱ्याच्या दुकानात गेली. "येकदम बराबर, मामा. जसा काही खिडकीसोबतच जन्मला."

फोन ठेवल्यावर सारिका म्हणाली, "खोटं काऊन बोलले?"

"खोटं कुठं? बसला तर हाय."

"मंग आता तुमीच निस्तरा. मले त्याच्यात घेऊ नका."

निस्तरायला त्याच्याकडं वेळ भरपूर होता. दुकानासाठी जागा शोधणं चालू होतं आणि ती मिळत नव्हती. सारिका ड्यूटीला गेली, की दिवसभर घरात तो एकटा. गल्लीत त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं. तो 'सिस्टरचे मालक' होता. बायका येऊन विचारायच्या, "सिस्टर न्हाईत का? मग तुम्हीच सांगा, ही गोळी जेवणाआधी का नंतर?" तो बिचारा चिठ्ठीवरचं अक्षर लावत बसायचा आणि सारिकाला फोन करायचा. सारिका तिकडून खेकसायची.

आणि रोज पंजाबराव. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं, की ते मुद्दाम फोन लावून स्पीकरवर टाकत. "ऐका, आमचे जवाई काय म्हन्तात ते! बोला जवाईबुवा, हवा कशी हाय?"

मग प्रसेनजित बोलायचा. पहिल्या दिवशी हवा गार होती. दुसऱ्या दिवशी थंडी वाजली. आठवड्याच्या शेवटी सारिका एप्रिल महिन्यात गोधडी घेऊन झोपू लागली होती. तिकडून गिऱ्हाइकांचं "वा वा" ऐकू यायचं आणि इकडं प्रसेनजित घाम पुसायचा.

एके दिवशी पंजाबरावांनी व्हिडिओ कॉल केला. "हवा दाखवा जरा."

प्रसेनजितनं फोनवर हात ठेवून सारिकाला विनवलं. ती आधी "मी नर्स हाओ, पंखा नोहोय" म्हणाली. पण बाप फोनवर वाट पाहतोय म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला, सूप उचललं आणि पडद्याआड उभी राहून वारा घालू लागली. पडदा असा फडफडला, की पंजाबराव खूश झाले. मग एकदम थबकले.

"आवाज काऊन येत नाही? माह्या कूलरचा आवाज तं गावाच्या येसीपर्यंत जाते."

"तेच तं, मामा," प्रसेनजित म्हणाला, "अशी मोटर बसवली तुमी, का आवाजच नाही!"

पडद्यामागून सारिकाला हसू फुटलं. पडद्याची हवा क्षणभर बंद पडली. "लाइट गेली मामा, ठेवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

इकडं कुरडयांचे दिवस आले होते आणि आभाळ भरून येऊ लागलं होतं. गोजरबाईंनी मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजवला, बाजेवर धोतर अंथरून सोऱ्यातून कुरडया घातल्या आणि वर पाहिलं, तर ऊन गायब. कुरडया नाही वाळल्या तर आंबणार. त्या माडीकडं तोंड करून ओरडल्या, "ओ सिस्टरचे मालक! हे तुमचं धूड नुसतंच बसून ऱ्हातं का वारंबिरं बी मारतं?"

प्रसेनजित "मारते ना" म्हणाला आणि वायर घेऊन खाली धावला. पाणी न घालता त्यानं बटण दाबलं. पंजाबरावांनी खरोखर मळणीयंत्राच्या हिशेबानं पंखा बसवला होता. पहिल्याच झोतात बाजेवरचं धोतर कुरडयांसकट उठलं आणि शेजारच्या शालूबाईंच्या भिंतीवर जाऊन पडलं. निंबाचा पाला सगळ्या गल्लीत उडाला. भगवंतराव ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर गेला, त्यांच्या हातात फक्त दोन कोपरे राहिले.

गोजरबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांना त्यात भविष्य दिसलं. "जरा हळू होतंय का बघा," त्या म्हणाल्या.

प्रसेनजितनं पंख्याला रेग्युलेटर जोडला, बाज मागं सरकवली, धोतराच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले. दुपारपर्यंत कुरडया खडखडीत झाल्या. दुसऱ्या दिवशी शालूबाई बाज घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवया, पापड, सालपापड्या, कुणाच्या तर धुतलेल्या उशा. नंबर लागले. नंबरावरून भांडणं लागली आणि ती सोडवायला भगवंतरावांनी जुनी शिट्टी काढली. प्रसेनजित स्टूल टाकून रेग्युलेटरपाशी बसू लागला. बायका त्याला पहिल्या घाण्याचा चीक वाटीत आणून देत, वर तूप-साखर. तो आता 'सिस्टरचे मालक' राहिला नव्हता. तो 'कूलरवाले भाऊ' झाला होता. बसल्या बसल्या त्यानं दोघींचे बंद पडलेले मोबाइलही सुरू करून दिले. या गावात आल्यापासून प्रथमच त्याला बरं वाटत होतं.

अशाच एका दुपारी पंजाबराव आणि सासूबाई बेबीताई न कळवता बसमधून उतरले. पंजाबरावांच्या खांद्यावर कूलरला लावायच्या नव्या गवताचा गठ्ठा होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी शालूबाईंना विचारलं, "तायडे सिस्टर कुठं राह्यते?"

"कूलरवाल्याकडं का? जा, पण आज नंबर न्हाई लागायचा," शालूबाई म्हणाल्या.

पंजाबरावांची छाती फुगली. कूलरची कीर्ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती! ते बेबीताईंकडं बघत ऐटीत आत शिरले आणि जागीच उभे राहिले. अंगणाच्या मधोमध त्यांचा कूलर. त्याच्यापुढं रांगेनं बाजा. बाजांवर कुरडया. आणि स्टुलावर बसून चीक खाणारा त्यांचा जावई.

प्रसेनजित उठला. वाटी कुठं ठेवावी, हे त्याला कळेना. "जय भीम, मामा," तो म्हणाला.

पंजाबरावांनी कूलरकडं पाहिलं, मग वर झाडाकडं पाहिलं. "जवाईबुवा," ते सावकाश म्हणाले, "तुमच्या झोपाच्या खोलीत हे निंबाचं झाड काऊन उगोलं?"

ते पुढं होऊन कूलरचं झाकण उघडायला गेले, तशा गोजरबाई धावल्या. पाहुणे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "ओ दादा, हात नका लावू! आणि ते गवत कशाला आणलं?"

"लावाले. याच्यावर पानी सुटलं पाह्यजे."

"पाणी?" गोजरबाईंनी कानांवर हात ठेवले. "पाण्यानं वाटोळं होईल सगळं. तुम्हाला त्यातलं काही कळतं का?"

"बाई, हा कूलर माह्या हातचा हाय! कूलरमंदी पानी टाकाच लागते!"

"तिकडं तुमच्या घाटाखाली टाकत असतील," गोजरबाई म्हणाल्या. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी पदर सावरला. "म्हंजे तुम्ही सिस्टरचे वडील? अगं बाई! ओ शालूबाई, इकडं या, कूलर केलेलं माणूस आलंय!"

हां हां म्हणता बायका जमल्या. कुणी त्यांना खुर्ची दिली, कुणी पाणी. एवढ्या आभाळातही एक कुरडई आंबली नाही, असं जी ती सांगू लागली. पंजाबरावांना रागवायचं होतं, पण मधे जागाच मिळेना. शेवटी सारिका ड्यूटीवरून आली, तशी त्यांनी तिला गाठलं. "तू बी मले बोलली नाही?"

"मी मायले पयल्याच दिवशी सांगतलं होतं," सारिका म्हणाली.

पंजाबराव बेबीताईंकडं वळले. बेबीताई शांतपणे कुरडईचा तुकडा मोडून पाहत होत्या. "हो, मले मालूम होतं."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"कसं सांगू? इतके खुश होते तुमी. रोज त्या फोनवर नव्या नवरदेवासारखे हसत होते. हा पोरगा बोलू शकला नाही, तं मी कुठून बोलू?"

प्रसेनजितनं मान खाली घातली. "चुकलं, मामा. जिना लहान हाय, एवढंच म्हनाचं होतं. तोंडातून निघालंच नाही."

पंजाबराव उठून जिन्यापाशी गेले. वळणाच्या दगडावर त्यांच्याच कूलरच्या हिरव्या रंगाचा खरचटलेला पट्टा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग परत आले, पिशवीतून पाना काढला आणि कूलरच्या मागं उकिडवे बसले. "हा नट ढिल्ला झाला," ते गुरगुरले. "पुरी गल्ली चालवाची तं जरा टाइट ठेवत जा ना, जवाईबुवा."

ते दोन दिवसांसाठी आले होते, आठवडाभर राहिले. गोजरबाईंशी त्यांचं पाण्यावरून रोज एकदा वाजायचं. शेवटी कुरडया संपल्यावर संध्याकाळी पाणी घालायचं, असा तह झाला. मग संध्याकाळी सगळं घर निंबाखाली त्या हवेत बसायचं. सारिका पाय लांब करून पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, खरंच गार हाय." पंजाबरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण ते तिच्या बाजूला कूलर थोडा वळवून आले.

उन्हाळा संपता संपता प्रसेनजितला बसस्टँडजवळ दुकानासाठी एक टपरी मिळाली. बोलणी गोजरबाईंनी केली. तिथं बसला असताना एकदा मामांचा फोन आला.

"जवाईबुवा, सारिकाले कपडे ठेवाले जागा नाही म्हन्ते तिची माय. लोखंडी कपाट बनवून राह्यलो. मोठं."

प्रसेनजितनं समोरच्या गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं. "मामा," तो म्हणाला, "कपाट नको."

तिकडं वेल्डिंगचा आवाज बंद झाला. "काऊन?"

"जिना."

फोनमधून अँगल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग खुर्च्या बनवू?" तिकडून जरा नरम आवाज आला.

"खुर्च्या चालतीन, मामा," प्रसेनजित म्हणाला. "पन क्रेनच्या कड्या लावू नका."