आईचा रोजचा उपास

तपासून घ्यायला आलेली मुलगी खुर्चीत ताठ बसली होती. चक्कर आली ती तिच्या आईला.

मी हिंगोलीत एका दवाखान्यात समुपदेशक आहे. डॉक्टर औषध लिहितात, मी बोलते. त्या दिवशी मात्र मी पाणी आणायला धावले. डॉक्टर दारातून डोकावले.

"मॅडम, यातला पेशंट कोणता?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. आईनं, सुनंदाताईंनी, पाणी घेतलं, पण बिस्किटाला हात लावला नाही.

"माजा उपास हाय."

"आज कसला?"

"रोजच हाय."

मुलगी रेणुका. शिरड शहापूरची, कॉलेजात शिकणारी. तिला ईटिंग डिसऑर्डर होता. जाड होण्याची भीती मनात बसते आणि माणूस एकेक पदार्थ तोडत जातो. पुढे भूक लागली तरी घास जात नाही. हा हट्ट नसतो, आजार असतो. घरच्यांना हे कोण सांगणार? त्यांनी आधी रागावून पाहिलं, मग शिरा करून पाहिला. शेवटी देवाला साकडं घातलं. लेक पोटभर जेवेपर्यंत आपण दिवसातून एकदाच जेवू, असा नवस आईनं औंढ्याच्या नागनाथाला केला. आजीनं भात सोडला. वडिलांनी तंबाखू सोडली. ती परत धरा, असं मी काही त्यांना सांगितलं नाही.

म्हणजे एकीनं जेवावं म्हणून अख्खं घर अर्धपोटी. शिवाय रेणुका ताटावर बसली की तिघं समोर बसून तिच्या हाताकडे बघत. अशानं धडधाकट माणसालाही ठसका लागेल.

मी रेणुकाशी एकटीशी बोलले. ती खाली मान घालून म्हणाली, "घास घेतला की आईचं पोट दिसतं. मग गिळतच न्हाई. मी नसते तर ती जेवली असती."

हे वाक्य मी लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते तिच्याशी बोलत बसले, तेवढ्यात मी आई आणि आजीला आत घेतलं.

"ताई, आजपासून तुम्ही दोन्ही वेळा जेवायचं."

"नवस मोडू? अन् पोरीला काई झालं म्हंजे?" ताई रडायलाच लागल्या. "झोपली की मी तिचा श्वास बघत बसते, म्याडम. अजून काय करू मी?"

देवाशी बोलणी करायचा विषय आमच्या कोर्सला नव्हता. तेव्हा कोपऱ्यातून आजी, म्हणजे ताईंच्या सासूबाई, बोलल्या.

"सुनंदा, देवाला काय उपाशी बाईची हौस हाय व्हय? मी जाते औंढ्याला अन् नवस बदलून घेते. तू जेव. पोरगी बरी झाली की गावजेवण घालू!"

मी खुर्चीतून उठलेच. "आजी! आणि पंगतीत तिच्या पानाकडे सगळं गाव बघणार?"

आजींनी विचार केला. "मंग गुपचूप शिधा देऊ देवळात."

ठरलं. मी नियम सांगितले. सगळ्यांनी एकत्र बसायचं. कोण किती जेवलं, हा विषय काढायचा नाही. तिच्या ताटाकडे बघायचं नाही. म्हशी, मालिका, शेजारीपाजारी, यांच्यावर बोला.

"म्हंजी नेहमीवानीच," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांची औषधं आणि माझं बोलणं बरेच महिने चाललं. मधे रेणुका दोनदा घसरली, पुन्हा सावरली. अजूनही ती पूर्ण बरी नाही. पण मागच्या भेटीत यायला उशीर झाला, तर ताईंनी माझ्यासमोरच डबा उघडला. भाकरी आणि मेथीची भाजी. मला न विचारता जेवायला लागल्या. मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

रेणुका मला परीक्षेचं सांगत होती. सांगता सांगता तिचा हात आईच्या डब्यात गेला. तिनं अर्धी भाकरी मोडून घेतली आणि खात खात बोलत राहिली.

ताईंनी झटकन मान वर केली आणि छताचा पंखा बघायला लागल्या. पंखा तर बंदच होता. डोळ्यांतलं पाणी गालावरून भाजीत पडत होतं, पण बाईनं मान काही खाली केली नाही.

दुसऱ्याच्या ताटात बघू नये, असं आपण लेकरांना शिकवतो. स्वतःच्या लेकराच्या ताटात न बघणं काय असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.